खांद्यावरची चार बोटं

बायकांना बोलतं करणं हा माझा धंदा आहे. हळदीकुंकू असो, गणपतीतली महिलांची संध्याकाळ असो, की एखाद्या सोसायटीचा वर्धापनदिन, माझ्या हातात माईक आला की मी आधी कोपऱ्यातली बाई हेरते. पदर तोंडाला लावून 'मला नाय जमणार' म्हणणारी. तिला ओढून मध्ये आणते, डोक्यावर स्टीलचा तांब्या ठेवून चालायला लावते, सासूची नक्कल करायला सांगते, आणि दहा मिनिटांनी तिच्या हातून माईक सोडवून घ्यायला मला दोन कार्यकर्ते लागतात. पनवेलात आणि आजूबाजूच्या गावांत मी गेली कित्येक वर्षं हेच करते आहे. कार्यक्रमाच्या बॅनरवर माझा फोटो असतो. त्यात मी आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि बरीच गोरी असते, कारण उरण नाक्याजवळचा बॅनरवाला माझा जुना माणूस आहे आणि त्याला माझ्या मनातलं कळतं.

त्यामुळे माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा घरातली बाकीची कामं वाटून झाल्यावर एक काम कुणी न विचारता माझ्याकडे आलं. त्याच्या मुलीला बोलतं करायचं.

भाऊ ट्रेलर चालवायचा. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर घ्यायचा, गोदामात पोचवायचा, पुन्हा जाऊन रांगेत उभा राहायचा. फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी रांगेतच स्टिअरिंगवर डोकं ठेवून गेला. मागच्या गाडीवाल्याने बराच वेळ हॉर्न वाजवला, मग शिव्या द्यायला खाली उतरला, आणि मग त्यानेच फोन केला. चव्वेचाळीस वर्षांचा होता माझा भाऊ. गाडी चालवण्याशिवाय त्याला दोनच गोष्टी मनापासून यायच्या, मुलीचे लाड करणं आणि हळदीत नाचणं. आमच्या लोकांत हळदीला नाचणं हे कामच असतं, पण तो ते ओव्हरटाइम करायचा.

त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, चौदा वर्षांची. नववीत. बाप गेल्यापासून ती रडली नव्हती. माझी भावजय रडत होती, मी रडत होते, ट्रेलरवाले दणकट मित्र दाराबाहेर चपला काढता काढता रडत होते. ही मात्र चहा करत होती. सुतकात आमच्याकडे दहा दिवस घरात गॅसवर जेवण रांधत नाहीत, भावकीतून डबे येतात. चहा मात्र कुठल्याच शास्त्रात येत नाही, त्यामुळे तो दिवसभर उकळत असतो. भाची येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "साखर कमी?" आणि निघणाऱ्या प्रत्येकाला, "डबा कुणाचा?" चार दिवस तिच्या तोंडून बहुतेक हीच दोन वाक्यं. कुणाचा डबा कुठला हे तिने इतकं अचूक लक्षात ठेवलं की एका चुलतीने तिचं कौतुक केलं. ते ऐकून भावजय आणखीच रडली.

भेटायला येणाऱ्या बायकांनीही तिच्यावर बरीच मेहनत घेतली. एक जण तिला छातीशी धरून म्हणाली, "रड गो बाय, रड. मोकली हो. आत ठेवू नको." ती उठून जाते न जाते तोच दुसरी आली. तिने हनुवटीला धरून बजावलं, "तू आता रडायचं नाय. तू रडलीस तर आईसने कोणाकडं बघायचं? आता तूच पप्पा." भाचीने दोघींना चहा दिला. आत येऊन कप विसळताना मला म्हणाली, "आत्या, नेमकं काय करायचंय ते तुम्ही आपसात ठरवून सांगा."

तिच्या शाळेतल्या मॅडमचाही फोन आला. मुलांना अशा वेळी बोलतं करावं, मनातलं बाहेर येऊ द्यावं, जबरदस्ती मात्र करू नये, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही योग्य ठिकाणी फोन केलात.

आता माझे प्रयोग ऐका. पहिल्या दिवशी मी त्या हनुवटीवाल्या बाईची नक्कल केली. हुबेहूब. भावजय रडता रडता हसली आणि मग हसल्याबद्दल पुन्हा रडली. भाची म्हणाली, "छान केलीस," आणि कप गोळा करायला लागली. दुसऱ्या दिवशी मी भावाच्या लहानपणाची गोष्ट काढली. आजोबांच्या मिठागरात तो पांढरी पँट घालून पाटलासारखा फिरायला गेला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला, बाहेर काढला तेव्हा पँट आतच राहिली होती. ही गोष्ट मी पन्नास कार्यक्रमांत सांगितली आहे, कधी वाया गेलेली नाही. भाची म्हणाली, "माहितेय. पप्पांनी सांगितलीय. त्यांच्या गोष्टीत पँट तुझी होती."

तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्यांचा खेळ काढला. भांड्यात चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकाने पप्पांची एक आठवण लिहायची, कुणी कुणाची चिठ्ठी काढेल ती वाचायची. माझ्या खेळांत ज्याला उत्तर द्यायचं नसेल त्याला 'पास' म्हणता येतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. भावजयीने लिहिलं, मी लिहिलं, शेजारणीने लिहिलं. चौथी चिठ्ठी उघडली तर तिच्यावर सुंदर अक्षरात लिहिलेलं, 'पास'.

पाचव्या दिवशी दुपारी भावजयीने मला मोरीजवळ बोलावलं. "ताई, ती रोज संध्याकाळी दूध आणायला जाते ना, ती नाक्यावर थांबते. त्यांच्या बॅनरखाली. वीस-वीस मिनिटं. लोक बघतात. मला भीती वाटते."

बॅनर ट्रेलरवाल्या मित्रांनी लावला होता. आमच्या गावाला, म्हणजे पूर्वी जे गाव होतं आणि आता तीन बाजूंनी टॉवर असलेला एक रस्ता उरलाय त्याला, एकच नाका आहे. माणूस जन्मला, दहावी पास झाला, गल्लीचा अध्यक्ष झाला, मेला, सगळं तिथेच बांबूवर चढतं. भावाच्या बॅनरशेजारीच कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर होता आणि त्यावर शुभेच्छा देणारे चाळीस चेहरे होते.

संध्याकाळी मी भाचीच्या मागोमाग गेले आणि वडापावच्या गाडीआड उभी राहिले. माझ्या आकाराच्या बाईला गाडीआड लपणं सोपं नसतं. वडापाववाल्याला संशय येऊ नये म्हणून दोन खाल्ले. भाची दुधाची पिशवी हातात घेऊन बॅनरसमोर उभी होती. मान वर. मी पण मान वर केली, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच तो बॅनर नीट पाहिला.

भाऊ हसत होता. मागे निळे ढग, दोन पांढरी कबुतरं, खाली समई. फोटो कुठल्या तरी हळदीतून कापून घेतलेला होता, गालाला हळद तशीच. आणि त्याच्या डाव्या खांद्यावर, ढगातून आलेली, चार बोटं होती. कापणाऱ्याने शेजारचा माणूस काढून टाकला होता आणि बोटं काढायला विसरला होता.

दोन मुलं सायकल हातात धरून तिथून चालली होती. एक म्हणाला, "त्याच्या खांद्यावर हात कोणाचा रं?"

दुसरा म्हणाला, "यमाचा. चल म्हणतोय."

दोघं हसत पुढे गेली. भाचीने ऐकलं की नाही कळलं नाही, पण मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात सगळं लखकन जुळलं. हे असं आहे तर. पोरगी रोज येऊन बापाची झालेली थट्टा बघते आणि आतल्या आत मरते. मी तिथूनच बॅनरवाल्याला फोन लावला. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. वडापाववाल्याने गॅस बारीक केला.

"अरे, माझ्या भावाच्या खांद्यावर काय ठेवलंयस तू? कबुतरं मोजून दोन लावलीस आणि बोटं मोजता आली नाहीत?"

"ताई, चुकलं. रात्रीत काढून दिला हो. पोरं फोटो घेऊन आली, म्हणाली सकाळी पायजे. उद्या दुपारपर्यंत नवीन लावतो. क्लीन करून. पैसे नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन बॅनर चढला. खांदा अगदी स्वच्छ. बॅनरवाल्याने माझ्यावरच्या प्रेमापोटी भावालाही थोडं गोरं केलं होतं. मी भावजयीला फोटो दाखवला, तिने माझा हात धरला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या सहा दिवसांत पहिल्यांदाच मला आपण काहीतरी केलं असं वाटलं.

संध्याकाळी भाची दूध आणायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. दूध न आणता.

"बॅनर तू बदललास?"

"हो. चुकलेला होता गं तो. खांद्यावर कुणाची तरी बोटं—"

"माझी होती."

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. आत जाऊन पिंपाजवळ भिंतीला टेकून बसली. मी मागोमाग गेले, खाली बसले, गुडघे करकरले. म्हटलं, बाय, मला माहीत नव्हतं. उद्याच्या उद्या पुन्हा छापून घेऊ, बोटांसकट. सगळा हात घेऊ. तू पूर्ण हवीस तर तू पूर्ण.

"नको."

"अगं, त्याच्याकडे मूळ फोटो आहे."

"माझ्याकडे पण आहे. फोटो नकोय." मग पिंपाचं झाकण सरळ करत, "मुद्दाम ठेवलेली नकोत."

मला काही कळलं नाही. आणि त्या संध्याकाळपासून तिने 'साखर कमी?' आणि 'डबा कुणाचा?' हेही विचारणं सोडलं. चहा मुकाट्याने पुढे ठेवायची. ज्या मुलीला बोलतं करायला मला नेमलं होतं तिची उरलेली दोन वाक्यंही मी घालवली.

दहावा झाला, तेरावा झाला. मी एकीकडे पानं वाढत होते आणि एकीकडे बॅनरवाल्याच्या मागे लागले होते. उतरवलेला बॅनर गेला कुठे?

"ताई, जुने बॅनर आम्ही ठेवत नाय. बाजारात सुकी मासळी विकणारी मावशी असते ना, उरणकडच्या करंजा बंदरावरची, ती येते गुरुवारी. तिला देऊन टाकतो. त्यांना मासळी सुकवायला लागतात."

"माझा भाऊ मासळीखाली दिलास?"

"तुमचे पण देतो ना ताई," तो म्हणाला. वाईट भावनेने नाही, हिशेबात फरक नको म्हणून.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी भाचीला म्हटलं, तो बॅनर करंज्याला आहे, मी आणायला चालले आहे. येतेस? तिने चप्पल घातली.

माझ्या स्कूटरवरून आम्ही निघालो. ती मागे बसली, मला न धरता, मागची दांडी पकडून. उरणच्या रस्त्याला ट्रेलरांची रांग लागते हे मला माहीत होतं, पण भाऊ गेल्यापासून मी त्या रस्त्याने गेले नव्हते. रांग रविवारीही होती. एकामागे एक केबिनी, त्यात कुणी झोपलेलं, कुणी मोबाईल बघणारं, कुणी दारातून पाय खाली सोडून बसलेलं. मला एरवी गाडीवर गप्प बसवत नाही. शेजारच्या रिक्षावाल्याशीही बोलते. त्या रांगेच्या बाजूने जाताना मला एक अक्षर सुचलं नाही. आरशात पाहिलं तर भाची दुसरीकडे, खाडीकडे, मान वळवून बसली होती.

करंज्याला मावशी सापडायला वेळ लागला नाही. बंदरामागच्या मोकळ्या जागेत बांबूंवर बोंबील टांगलेले, आणि खाली जमिनीवर दहाबारा बॅनर अंथरून त्यांवर मांदेली पसरलेली, उन्हात चकचकत. मावशी साठीच्या पुढची, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली, हातात कावळे हाकायची काठी.

"मांदेली पायजे काय? अजून दोन दिस लागतील," ती म्हणाली.

मी सांगितलं, मांदेली नको, बॅनर हवा. पनवेलहून गुरुवारी आणलेला, माझ्या भावाच्या श्रद्धांजलीचा.

"असल कुठं तरी. आमी रंगाची बाजू खाली घालतो, नायतर मासलीला रंग लागतो. मना काय माहीत कोणाचं तोंड कुठं हाय. बघायचं तर मांदेली उचला आणि बघा. पण परत लावून द्यायची. माझी सकाल गेली लावण्यात."

तर मग मी आणि माझी भाची, आम्ही दोघी उकिडव्या बसून मांदेली गोळा करायला लागलो. पहिल्या बॅनरखाली कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला. दुसऱ्याखाली नवरा-नवरी. तिसरा उलटला आणि खालून मी निघाले. हातात माईक, दहा वर्षांनी लहान, ओठांवर हसू, आणि नाकाच्या शेंड्याला उलटताना घसरलेली एक मांदेली चिकटलेली.

मावशी वाकून बघायला लागली. एकदा बॅनरकडे, एकदा माझ्याकडे. "ही तूच ना गो? हितं बरी दिसतंस."

भाचीच्या नाकातून थोडी हवा बाहेर पडली. हसू नव्हे, पण हसण्याच्या गावातून आलेलं काहीतरी. मी लगेच पुढे सरसावले, उभी राहिले, बॅनरवरच्या पोझमध्ये हात केला, 'चला वहिनी, पहिला खेळ' सुरू केलं. माझी ही खोडच आहे. भाचीने मान खाली घातली आणि चौथा बॅनर उलटला.

तोच होता. पण अर्धा. समई होती, शोक करणाऱ्या मित्रांची यादी होती, एका कबुतराचे पाय होते. वरचा भाग कापून नेलेला.

"तो काय? वरचा तुकडा जावयाने नेला बोटीवर," मावशी म्हणाली. "इंजिनाच्या पेटीवर घालायला. बोट परवाच गेली."

"परत कधी येईल?" भाचीने विचारलं. आठ दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

"धा-बारा दिसांत येल. बोट येल. कपडा र्‍हायल का नाय, माहीत नाय. डिझेल सांडतं, पाणी लागतं." मग तिने काठी खाली ठेवली आणि भाचीसमोर बसली. "कोण होता तुझा?"

"पप्पा."

"मंग घरात फोटो नाय काय त्याचा? हा कपडा कशाला पायजे?"

दोन आठवडे मी या मुलीभोवती नाचत होते. नकला, गोष्टी, चिठ्ठ्या. हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

भाची हातातल्या मांदेलीची शेपटी सरळ करत मावशीला म्हणाली, "त्याच्यावर माझा हात होता. हळदीतला फोटो आहे. पप्पा नाचत होते. खूप वेळ. शर्ट बाहेर आलेला, सगळे व्हिडिओ काढत होते. माझ्या वर्गातल्या दोघी होत्या तिथे, त्या पण. मी पप्पांना ओढायला गेले. खांद्याला धरून ओढलं. म्हटलं, चला घरी, मला तुमची लाज वाटते." तिने मासळी खाली ठेवली. "फोटोत माझं तोंड दिसतं. किती चिडलेय ते दिसतं. बॅनरवर नव्हतं दिसत. नुसता हात दिसायचा. असं वाटायचं की मी सहज ठेवलाय."

मुद्दाम ठेवलेली बोटं नकोत म्हणजे काय ते मला आत्ता कळत होतं. चुकून राहिलेल्या बोटांवर तिचा विश्वास बसला होता. आपल्या आत्याने छापून आणलेल्या बोटांवर कोण विश्वास ठेवणार?

आणि मला आणखीही एक गोष्ट आठवत होती. त्या हळदीला मी होते. माईक माझ्याच हातात होता. 'आता माझा भाऊ, अजून एकदा, जोरात' असं मीच तीन-तीनदा ओरडत होते.

"त्यांना राग आला असेल का?" भाचीने मावशीला विचारलं.

"मना काय माहीत बाय. मी त्याला कधी बघितला नाय." मावशीने काठीने माझ्याकडे दाखवलं. "हिला विचार. हिचा भाऊस ना?"

भाची माझ्याकडे वळली. मला माहीत होतं की ती विचारणार, आणि ती विचारू नये असं मला वाटत होतं.

"तुला काही बोलले होते?"

बोलला होता. हळदीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला होता. "ताई, मी नाचायचं बंद करू का गं? पोरगी मोठी झाली. तिला लाज वाटते माझी." रांगेत उभा असणार, मागे इंजिनांचा आवाज येत होता. मी एका कार्यक्रमाला निघायच्या घाईत होते, साडीला पिन लावत होते.

नाही म्हणणं फार सोपं होतं. 'छे गं, तो हसून विसरला' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, अभिनयासकट. असं वाक्य मी कुणालाही खरं वाटेल असं म्हणू शकते. पण ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि तिने माझे सगळे कार्यक्रम पाहिलेले आहेत. मी कुठे खोटी होते ते तिला कळतं.

"बोलला होता," मी म्हटलं. "त्याला लागलं होतं."

"म्हणजे लागलं होतं."

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तू नाचायचं सोडलंस तर माझे कार्यक्रम कोण बघणार, लोक तुझ्यासाठी येतात."

"हसले?"

"फोनवर होता. हसल्यासारखा आवाज आला."

"हसल्यासारखा म्हणजे?"

"मला नीट ऐकू आलं नाही, बाय. ट्रेलरचा आवाज होता. आणि मी घाईत होते."

तिने मान हलवली. रागाने नाही, समजून घेतल्यासारखीही नाही. एखाद्याने रस्ता सांगावा आणि तो लांबचा निघावा, तशी. नंतर म्हणाली, "आम्ही त्यानंतर बोललो. रोज बोलायचो. महिनाभर. त्यांनी मला नवीन बॅग पण आणली. पण हे नाही बोललो. मला वाटलं, बोलू नंतर." तिचा आवाज शेवटी फाटला. डोळे पुसायला हात वर केला, तर हाताला मासळी लागलेली. तसाच खाली घेतला.

मी तिला जवळ घ्यावं की नको हे मला ठरवता येईना. ज्या बाईने हजारो बायकांना हाताला धरून मध्ये ओढलं, तिला दीड हातावर बसलेल्या पोरीकडे हात नेता येईना. माझा भाऊ असता तर त्याला विचारलं असतं. त्याला जमायचं. मी म्हटलं, "मला पण वाटलं होतं, नीट बोलू नंतर."

तिच्या गालावरून पाणी येत होतं. ती ते पुसत नव्हती, थांबवतही नव्हती. मावशीने एकदा पाहिलं, उठली, बाजूच्या कळशीतून पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातांवर ओतला आणि म्हणाली, "आता तोंड धू."

मग कमरेवर हात ठेवून तिने चारही उलटलेल्या बॅनरांकडे बघितलं. "आता ही मासली कोण लावणार? कावले बघतायत."

खरंच दोन-तीन कावळे बांबूवर येऊन बसले होते. आम्ही बॅनर पुन्हा पालथे घातले. पुढारी, नवरा-नवरी, मी, आणि माझ्या भावाचा अर्धा. मांदेली एकेक करून लावायची असते, एकीला दुसरी लागता कामा नये, नाहीतर मध्ये ओल राहते. मावशीने हे दोनदा सांगितलं, कारण मी ढीग पसरवत होते. भाचीने तिच्याकडून एकदाच शिकून घेतलं.

अर्धी ओळ झाल्यावर ती थांबली. ओले हात ड्रेसला पुसून तिने मोबाईल काढला आणि मावशीला बोटीचा नंबर विचारला. मावशीने सांगितला. जावयाचाही सांगितला. भाचीने दोन्ही लिहून घेतले, वाचून दाखवले, बरोबर आहेत का विचारलं.

"तुकडा नाय मिलाला तर रडायचं नाय हां," मावशी म्हणाली.

"ते मला नाही सांगता येणार," भाची म्हणाली.

"बरं," मावशी म्हणाली आणि कावळ्यांकडे काठी फिरवत गेली.

ऊन डोक्यावर आलं होतं. भाची पुन्हा खाली बसली आणि जिथे थांबली होती तिथून मांदेली लावायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. पहिली मासळी मी वाकडी लावली. तिने ती उचलून सरळ केली, आणि पुढची माझ्या हातात दिली.